स्ट्रिपिंग बास्केट घरी करताना: टब, खुंट्या, पट्टा आणि लाइनचा क्रम

प्रश्न: मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आधी नदीवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग (गळाला कृत्रिम माशी लावून मासेमारी) करायचो, आता सँडी हूकच्या किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बाससाठी ९ नंबरचा रॉड आणि इंटरमीडिएट लाइन घेतली आहे. लाटांत उभं राहिलं की ओढलेली लाइन पायांना गुंडाळते आणि पुढचा कास्ट (लाइन लांब फेकणं) अर्ध्यातच अडकतो. स्ट्रिपिंग बास्केट (ओढलेली लाइन झेलायला कमरेला बांधायचा टब) घ्या असं सगळे सांगतात, पण तयार बास्केट महाग वाटते. घरी करता येईल का? आणि डिसेंबरात मालवणला जातो, तिथेही तीच वापरता येईल का?

उत्तर:

करता येते. एका दुपारचं काम आहे, सामान वीस-पंचवीस डॉलरच्या आत येतं, आणि नीट केली तर ती दुकानातल्या बास्केटपेक्षा कुठेही कमी पडत नाही. तुमच्या किनाऱ्यापासून वर मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडपर्यंत जुने गडी आजही भांडी विसळायचा प्लास्टिकचा टब कमरेला बांधून उभे असतात. त्यांना नवी बास्केट परवडत नाही असं नाही, पण आहे ती चालते तर बदलायची कशाला!

अडचण ‘नीट केली तर’ या शब्दांत आहे. टब घ्या, तळाला केबल टाय खोचा, बंजी कॉर्डने (ताणणाऱ्या रबरी दोरीने) बांधा, एवढंच सांगणारे खूप भेटतील. त्यातून तयार होतो तो लाइन ठेवायचा टब. आपल्याला लाइन परत देणारा टब हवा असतो. आत पडलेले वेढे ज्या क्रमाने पडले त्याच्या बरोबर उलट क्रमाने, एकही वेढा दुसऱ्याच्या खालून न जाता, एका सेकंदात बाहेर गेले पाहिजेत. टबाची खोली, खुंट्यांची जागा, पट्ट्याची उंची, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आधी लाइन पाण्यात पडली की नेमकं काय बिघडतं ते पाहू. ९ नंबरच्या लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ठरलेल्या मापाप्रमाणे २४० ग्रेन, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅम असतं. समुद्रासाठीच्या बऱ्याच लाइन याहून जड येतात, पण हिशेब तोच. या पंधरा-वीस ग्रॅमना मागची दहा-पंधरा मीटर बारीक लाइन खेचून न्यायची असते. ती हवेतून उचलली गेली तर सहज जाते. पाण्यातून उपसायची म्हटलं की कास्टची निम्मी ताकद तिथेच खर्च होते. त्यात तुमची लाइन इंटरमीडिएट आहे. ती तरंगत नाही, सेकंदाला दीड-दोन इंच या गतीने बुडत जाते. दोन लाटा येऊन गेल्या की ती तुमच्या घोट्याभोवती, वाळूत नाहीतर शेवाळात असते. नदीवर हा त्रास जाणवला नाही, कारण तिथे लाइन तरंगती होती आणि कास्ट छोटे होते. आणखी एक गोष्ट: स्ट्राइप्ड बास किनाऱ्याजवळ बहुतेक वेळा अंधारातच येतो. अंधारात पायाशी काय चाललंय ते दिसत नाही, गाठ कळते ती रॉडच्या कडीवर, म्हणजे लाइन ज्यातून जाते त्या रिंगवर, आदळल्यावर.

आता टब. अमेरिकेत ज्याला डिशपॅन म्हणतात तोच चौकोनी टब घ्या. लांबी १३-१४ इंच, रुंदी ११-१२ इंच, खोली साडेपाच-सहा इंच. चार इंची उथळ टब स्वस्त मिळतात, पण वाऱ्यात त्यातली लाइन उडून बाहेर लोंबते, आणि सँडी हूकला वारा नाही असा दिवस विरळाच. आठ इंची खोल टबाचा त्रास वेगळा: चालताना मांडीवर आपटतो, आणि लाइन ओढणारा हात दर वेळी काठाला लागतो. गोल टब घेऊ नका. पोटाशी नीट टेकत नाही आणि कास्ट करताना फिरतो.

प्लास्टिक कोणतं ते टबाच्या बुडाशी त्रिकोणात छापलेल्या आकड्यावरून कळतं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे एचडीपीई, दोन्ही चालतात. ६ नंबरचं पॉलिस्टायरिन चकचकीत आणि कडक असतं, पण ड्रिल लावताच तडकतं. ड्रिलमधून वाचलं तरी नोव्हेंबरच्या थंडीत दगडावर टेकलं की चिरतं. दुकानात टबाची भिंत अंगठ्याने दाबून पाहा. थोडी वाकून परत सरळ झाली तर घ्या. रंग फिका घ्या, रात्री डोक्यावरच्या दिव्यात आतली लाइन दिसली पाहिजे. आणि टब नवाच आणा. स्वयंपाकघरातला उचललात तर पुढचं प्रकरण मी सोडवू शकणार नाही.

खुंट्यांवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण बास्केटचा जीव त्यातच आहे. सपाट तळाच्या टबात लाइन ओढत गेलात तर वेढे एकमेकांवर पडतात. तुम्ही एक पाऊल टाकता, लाट कमरेवर आदळते, सगळा ढीग एका कोपऱ्यात सरकतो, आणि खालचा वेढा वरच्यात शिरतो. गाठ तिथेच पडते, कास्टच्या वेळी ती फक्त आवळली जाते. खुंट्यांचं काम लाइन अडवायचं नाही, ढीग सरकू द्यायचा नाही एवढंच. हे ध्यानात ठेवलं तर किती आणि कुठे ते आपोआप ठरतं: तळाच्या मधल्या भागात नऊ ते अकरा खुंट्या, एकमेकींपासून तीन इंचांवर, ओळी एकाआड एक सरकवलेल्या. भिंतीपासून दोन इंच जागा मोकळी सोडा. भिंतीला चिकटून खुंटी लावली की दोन्हींच्या फटीत लाइन अडकून बसते. दाटी केली तरी तेच होतं, वेढे खुंट्यांभोवती न पडता त्यांच्या मध्ये रुतून बसतात. उंची तीन-साडेतीन इंच पुरे. काठाच्या खाली निदान दोन इंच राहिल्या पाहिजेत, नाहीतर हात लागतो.

खुंटी कशाची करायची याला तीन-चार उत्तरं आहेत. मला जाड केबल टायच आवडतात, पण काळे घ्या. पांढरे नायलॉनचे टाय उन्हात एखाद-दोन मोसमांत ठिसूळ होतात आणि मासा लागलेला असतानाच मोडतात. काळ्यांत काजळी मिसळलेली असते, ते ऊन सोसतात. रुंदी ७-८ मिलिमीटरची घ्या, घरात वायरी बांधायला वापरतो ते बारीक टाय उभे राहत नाहीत.

बसवायची पद्धत अशी. टबाच्या तळाला बाहेरून खुणा करा. टाय जेमतेम जाईल एवढंच भोक पाडा: आधी ३ मिलिमीटरच्या बिटने शेजारी-शेजारी दोन भोकं, मग धारदार पात्याने मधला पूल कापून लांबट फट. खाली लाकडाचा तुकडा धरून ड्रिल हळू चालवा, म्हणजे प्लास्टिक वितळून कडा उसवत नाही. टाय खालून वर घाला, त्याचं डोकं तळाच्या बाहेर अडकेल. मग दुसऱ्या टायचं डोकं कापून घ्या आणि ते या टायच्या टोकातून ओवून खाली तळापर्यंत कर्र-कर्र सरकवत आणा. टायच्या डोक्यातली जीभ एकाच दिशेने सरकू देते, त्यामुळे ते डोकं नटासारखं घट्ट बसतं आणि पुन्हा वर येत नाही. ओवताना दातांची बाजू जिभेकडे आहे ना एवढं बघा. गोंदाची गरज नाही. हॉट ग्लूचा एक ठिपका द्यायचा तर बाहेरून द्या. आत दिलात तर त्याचे केसासारखे तंतू राहतात आणि लाइन त्यांतच अडकते.

आता टाय साडेतीन इंचांवर कापा. कापलेलं टोक ब्लेडसारखं असतं. फ्लाय लाइनचं आवरण मऊ प्लास्टिकचं, एका ओरखड्यात कापलं जातं, आणि तुमचा हात त्यावर दिवसभर फिरणार आहे. म्हणून टोक पॉलिश पेपरने गोल करा, मग लायटरच्या ज्योतीजवळून नुसतं फिरवा, कडा वितळून गुळगुळीत होईल. ज्योतीत धरू नका, गोळा तयार होतो आणि त्याखाली लाइन अडकते. टायचे दात काहींना खटकतात. टाय जरा वाकडे होतातच, तेव्हा दातांची बाजू टबाच्या मध्याकडे न येता बाहेरच्या भिंतीकडे राहील असं पाहा.

दुसरा चांगला पर्याय गवत कापायच्या यंत्राच्या दोरीचा, अडीच-तीन मिलिमीटर जाडीची गोल घ्या. एक टोक गरम करून चपटं केलं की खिळ्याचं डोकं तयार, खालून वर ओढायची, काम झालं. दात नाहीत म्हणून लाइनला मऊ. मात्र ती रिळावरून येते, त्यामुळे वाकडी असते. तुकडे उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवा, बाहेर काढून सरळ धरा आणि तसेच गार होऊ द्या. याच दोरीच्या किंवा जाड मोनोफिलामेंटच्या (गळाच्या नायलॉन दोरीच्या) उलट्या ‘यू’ आकाराच्या कमानीही करतात. मला त्या पसंत नाहीत. लाइन कमानीच्या आतून गेली की संपलं, आणि अंधारात ती आतूनच जाते. गोल्फचे टी तळातून खोचणारेही आहेत. टी जेमतेम अडीच-तीन इंचांचे, टबाच्या जाडीतून वर आल्यावर त्याहूनही कमी उरतात. कृत्रिम हिरवळीचा तुकडा तळाला चिकटवला तर लाइन छान धरून ठेवतो, होडीवर तो मस्त आहे. किनाऱ्यावर मात्र दोन तासांत त्यात वाळू भरते, आणि ती वाळू लाइनबरोबर रॉडच्या कड्यांतून जाते.

पाणी जाण्यासाठी भोकं पाडायची की नाही, यावर किनाऱ्यावर दोन पंथ आहेत आणि दोघांचं बरोबर आहे. गुडघा-मांडीपर्यंतच्या पाण्यात उभं राहत असाल तर भोकं हवीत. लाट टबात फुटली की चार-पाच लिटर पाणी एकदम येतं, ते गेलं पाहिजे. कमरेपर्यंत उतरत असाल तर भोकांतून पाणी खालून आत येतं आणि लाइन टबातच पोहायला लागते. तिथे बिनभोकाचा टब तरंगतो, पाणी आलं तर कंबर वाकवून ओतायचं. सँडी हूकच्या उतारावर तुम्ही मांडीपलीकडे जाऊ नये असं माझं मत, तेव्हा भोकं पाडा: चारही कोपऱ्यांत दोन-दोन, ५-६ मिलिमीटरची. मोठी नको, मोठ्या भोकातून लाइनचा वेढा खाली उतरतो आणि बाहेरून फास बसतो. खुंट्यांजवळ तर एकही नको.

सगळी भोकं पाडून झाली की कापसाचा बोळा घेऊन टबाच्या आत सगळीकडे फिरवा: तळ, भिंती, काठ, प्रत्येक खुंटी बुडापासून टोकापर्यंत. जिथे कापसाचा तंतू अडकला तिथे लाइन कापली जाणार. पॉलिश पेपर, पुन्हा कापूस. या तपासणीत दहा मिनिटं जातात, लाइन शंभर डॉलरची असते.

पट्टा हा दुसरा महत्त्वाचा भाग. बहुतेक जण बंजी कॉर्ड वापरतात: मागच्या भिंतीला दोन भोकं, दोन हूक, संपलं. स्वस्त आहे आणि क्षणात सुटते, पण टब लोंबतो, हलतो, आणि हलला की खुंट्यांची सगळी मेहनत वाया. मी दीड इंच रुंदीचा नायलॉनचा पट्टा आणि पाठपिशवीला असतं तसं चिमटीने सुटणारं बकल वापरायला सांगेन. मागच्या भिंतीत काठापासून इंचभर खाली दोन उभ्या फटी करा, एकमेकींपासून सात-आठ इंचांवर. प्रत्येक फटीच्या दोन्ही टोकांना आधी गोल भोक पाडा आणि मग मधलं कापा. नुसत्या पात्याने चौकोनी कोपरा कापलात तर सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. पट्टा आतून न्या म्हणजे टब पोटाशी चिकटून बसेल, पण टबाच्या आत पट्ट्याचं मोकळं शेपूट राहू देऊ नका. मागच्या काठावर मुलांच्या पोहण्याच्या फोमच्या नळीचा एक तुकडा उभा चिरून बसवा. पोटाला रुतत नाही आणि बुडायला लागला तर टब वरही राहतो. बाकीच्या तीन काठांवर बागेच्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा चढवला तर लाइन काठावर घासत नाही. हे हवंच असं नाही, पण ओठासारखा बाहेर वळलेला काठ असेल तर कराच, त्या ओठाखाली लाइन अडकते.

बकल पुढे किंवा बाजूला, हात जाईल तिथेच ठेवा. पाठीमागे नको. वेडर्सचा (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारीचा) आपला पट्टा वेगळा आणि घट्ट, बास्केटचा त्यावरून. दोन्ही एकच करू नका. पाय सटकून पडलात तर भरलेला टब तुम्हाला लाटेबरोबर आत खेचतो. त्या वेळी एका हाताने तो सोडता आला पाहिजे, वेडर्सचा पट्टा मात्र कमरेलाच राहिला पाहिजे, कारण आत शिरणारं पाणी तोच अडवतो. घरी डोळे मिटून डाव्या हाताने बकल सोडून पाहा.

उंचीचं म्हणाल तर टबाचा काठ बेंबीच्या चार बोटं खाली, हात सैल सोडल्यावर मूठ आत जाईल असा. फार वर बांधला की कोपर वाकवून ओढावं लागतं आणि ओढ आखूड होते. एका हाताने ओढत असाल तर टब थोडा डाव्या बाजूला सरकवा (उजव्या हाताने कास्ट करत असाल असं धरून). पण बास्केट आली की एक नवं दार उघडतं: रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी एकाआड एक लाइन ओढायची. माशी न थांबता एकसारखी पोहते, लाइन थेट टबात पडते, आणि मासा लागला की ज्या हातात लाइन आहे त्याच हाताने ओढून हूक बसवता येतो. असं ओढायचं असेल तर टब बरोबर समोर हवा.

आता क्रम. इथे नवा माणूस बास्केटला दोष देतो आणि परत करायला निघतो.

पहिल्या कास्टआधी तुम्ही रीलवरून पंधरा मीटर लाइन ओढून टबात टाकता. कोणता भाग तळाला गेला? जो आधी निघाला तो, म्हणजे माशीकडचा. वर कोणता आहे? रीलकडचा. कास्ट करताना मात्र आधी माशीकडची लाइन जाते, म्हणजे तळातला वेढा आधी निघतो आणि वरचे सगळे उचलून नेतो. गाठ पडणारच. टबात कितीही खुंट्या असोत, उलट रचलेली लाइन सुलट निघत नाही. म्हणून रीलवरून काढलेली लाइन पायाशी कोरड्या वाळूवर किंवा थेट पाण्यावर सोडा, जमेल तेवढा एक कास्ट करा, लागेल तसा दुसरा करून लाइन बाहेर घालवा, आणि मग ओढत टबात घ्या. आता रीलकडचा भाग तळाला आणि माशीकडचा वर आला. यापुढे प्रत्येक ओढीला क्रम आपोआप बरोबर राहतो.

आमच्या अलिबागकडे पाग टाकणारा कोळी जाळं फेकण्याआधी मनगटाला बांधलेल्या दोरीचे वेढे हातावर एकावर एक घेतो, तेही याचसाठी. तुम्ही राहता त्या किनाऱ्यावरही ही अक्कल जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधल्या नँटकेट आणि न्यू बेडफर्डचे देवमाशांचे शिकारी भाल्याची दोरी होडीतल्या लाकडी टबात गोल-गोल रचून ठेवत, आणि रचताना एकही आढी राहू नये म्हणून जिवापाड जपत. देवमासा पळाला की त्या धावत्या दोरीची आढी माणसाचा हात किंवा सगळा माणूसच घेऊन जायची. आपल्याकडे फार तर कडी तुटते.

क्रम बरोबर असूनही गुंता होत असेल तर दोष टबाचा नाही, लाइनचा आहे. तीन गोष्टी बघा. पहिली, आठवण: रीलवर महिनाभर राहिलेली लाइन स्प्रिंगसारखी कुरळी होते. पहिल्या कास्टआधी तुकड्या-तुकड्याने दोन हातांत धरून ताणा, काही सेकंद तशीच ठेवा. दुसरी, पीळ: हात गोल फिरवून केलेला कास्ट दर वेळी थोडा पीळ चढवतो, वाऱ्यात आपण सगळेच तसे करतो. टबात वेढ्यांऐवजी आठचे आकडे दिसायला लागले की पीळ चढलाय. माशी कापून टाका, लाइन हिरवळीवर किंवा वाहत्या पाण्यात पूर्ण सोडा आणि ओढत आणा, पीळ टोकाकडून निघून जातो. तिसरी, मळ: मीठ आणि वाळू बसलेली लाइन चिकटते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, एवढंच. डासांच्या औषधातलं डीट प्लास्टिक विरघळवतं, ते लावलेल्या हाताने लाइन धरू नका.

अडकायला अंगावरही खूप काही असतं. जॅकेटची लोंबती नाडी, गळ्यातली कात्री, वेडर्सचं बकल, रीलची मूठ. बास्केट बांधल्यावर लाइन याच सगळ्यांसमोरून जाते. लोंबणारं काही असेल ते आत खोचा किंवा मागे फिरवा. मासा लागून पळाला की टबातली लाइन झेप घेते. त्या वेळी डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीची कडी करून लाइन तिच्यातून जाऊ द्या आणि तो हात रीलपासून लांब धरा. नजर माशावर नको, टबावर. लाइन संपून रीलवर आली की मग मासा बघायला हवा तेवढा वेळ आहे.

समुद्रावर नेण्याआधी हिरवळीवर एकदा चालवून बघा. माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधा, वर सांगितल्या क्रमाने लाइन टबात घ्या, मग मुद्दाम पंधरा-वीस पावलं चाला, दोन उड्या मारा, आणि कास्ट करा. शेजारी बघतील, बघू देत. गाठ पडली तर ती सोडवण्याआधी टबाच्या कोणत्या भागात पडली ते पाहा. एकाच कोपऱ्यात पुन:पुन्हा पडत असेल तर तिथे खुंटी कमी आहे किंवा जास्त. खुंटी काढणं सोपं आहे, खालचं डोकं कापलं की निघते.

होडीवर कमरेची बास्केट लागत नाही. तिथे मळके कपडे टाकायची उंच, उभी बादली उत्तम, अडीच-तीन फुटी. बुडात दगड, वाळूची पिशवी किंवा चार बोटं पाणी घाला म्हणजे वाऱ्याने पडत नाही. उंचीमुळे हात खाली न नेता लाइन आत पडते आणि वारा लागत नाही, म्हणून तिथे खुंट्याही लागत नाहीत. बागेतला पाला गोळा करायची घडीची पिशवी, जी आत स्प्रिंग असल्याने उभी राहते, तीही चालते. कायाकमध्ये एखादं ओलं फडकं मांडीवर पसरलं तरी भागतं.

राहिलं मालवण. टब विमानातून न्यायचा म्हणजे अर्धी बॅग त्यातच जाते. त्यात कपडे भरून नेता येतो हे खरं, पण खुंट्या वाकतात. मी तिथे टब नेऊ नका म्हणेन. पट्टा, बकल, वीसेक काळे टाय आणि ३ मिलिमीटरचा बिट घेऊन जा. टब तिथल्या बाजारात मिळतो, ड्रिल कोणत्याही सुताराकडे किंवा इलेक्ट्रिशियनकडे असतं, तासाभरात दुसरी बास्केट तयार होते आणि परत येताना घरी ठेवून येता येते. जाळीच्या घडीच्या बास्केट प्रवासाला सोप्या वाटतात, पण त्यांचा तळ ढिला असतो, ओल्या लाइनच्या वजनाने तो खाली पोटासारखा सुटतो आणि सगळे वेढे मध्ये गोळा होतात. तशीच घ्यायची तर तळाला कापलेल्या कटिंग बोर्डचा तुकडा बसवा आणि खुंट्या त्यात लावा.

तिथे बास्केटची गरज सँडी हूकपेक्षा जास्तच भासेल. खाडीच्या मुखाशी, खडकांवरून जिताडा किंवा तांबोशीसाठी टाकायचं म्हटलं तर पायाखाली कालवं असतात. त्यांच्या धारेवर मोकळी लाइन एकदा घासली की गेली. खडकावर टब थोडा वर बांधा, वाकून पाय कुठे ठेवतोय ते दिसलं पाहिजे. भोकं पाडायची गरज नाही.

लाइन मात्र तुमची ही नेऊ नका. थंड पाण्यासाठी केलेल्या लाइनचं आवरण आणि गाभा मऊ असतात. कोकणातल्या उन्हात ती शेवयांसारखी लुळी आणि चिकट होते, खुंट्यांना आणि स्वतःला चिकटते, कड्यांतून सरकत नाही. उष्ण प्रदेशासाठी कडक गाभ्याची लाइन वेगळी मिळते. तीच लाइन नोव्हेंबरात सँडी हूकला वापरलीत तर तारेसारखी कुरळी होऊन टबातून बाहेर उड्या मारेल, म्हणजे अदलाबदल दोन्हीकडून चालत नाही. दोन्ही ठिकाणी वर्षातून काही दिवस जाणार असाल तर रीलचा जास्तीचा स्पूल (लाइन गुंडाळायची चकरी) घेऊन दोन लाइन ठेवा. बास्केटवर वाचलेले पैसे तिथे घाला.

परत आल्यावर टब गोड्या पाण्याने धुऊन सावलीत उलटा वाळवा आणि प्रत्येक खुंटी बोटाने वाकवून बघा. नायलॉन फार वाळलं की ठिसूळ होतं. हिवाळाभर गॅरेजमध्ये पडलेल्या टबातल्या खुंट्या मार्चमध्ये वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्या की पुन्हा चिवट होतात. एप्रिलमध्ये सँडी हूकलगतच्या रॅरिटन बेमध्ये बास येतात, त्याआधी एवढं करून ठेवा.